कुत्रा सतत पंजे चावतो: आधी पंजा नीट बघा, मग औषधाचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या मनीष नगरातला साडेतीन वर्षांचा लॅब्राडोर, वजन ३४ किलो, घरातच राहणारा. जुलैपासून पुढचे दोन्ही पंजे चाटतो, रात्री कुरतडतो. बोटांमधले फिके केस तांबूस झालेत आणि पंजांना आंबूस वास येतो. खोबरेल तेल आणि हळद लावून झाली, सेटिरिझिन देऊन झालं. एका इंजेक्शननं आठ-दहा दिवस आराम पडला, मग पुन्हा तेच. गेल्या पावसाळ्यातही असंच झालं होतं. रोजचं जेवण चिकन-भात, सकाळी दूध-पोळी.

एवढ्या वर्णनावरून बराच अंदाज बांधता येतो. तुमच्या कुत्र्याला बहुधा दोन आजार एकावर एक बसलेले आहेत. वरचा थर यीस्टचा, म्हणजे एका बारीक बुरशीचा, कदाचित सोबत जिवाणूंचा. आंबूस वास त्याचाच. खालचा थर ॲलर्जीचा. नुसता वरचा काढला तर महिन्याभरात परत येतो. नुसती ॲलर्जी दाबली तर खाज पूर्ण जात नाही, कारण यीस्टलाही स्वतःची खाज असते. म्हणून काम क्रमानं करावं लागतं: आधी परजीवी, मग संसर्ग, मग आहार, आणि शेवटी वातावरणातली ॲलर्जी. हा क्रम उलटा झाला की गोळ्या बदलत राहतात आणि कुत्रा चावत राहतो.

पण त्याआधी दुसरं काही नाही ना, हे तपासून घ्या.

भर दिवसा उजेडात कुत्र्याला कुशीवर झोपवा आणि चारही पंजे बघा. फक्त पुढचे नव्हे, मागचेही, आणि दोन्ही बाजूंनी. पहिला प्रश्न एकच: त्रास एका पंजाला आहे की जास्त? एकच पंजा, आणि तोही अचानक सुरू झालेला असेल तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवा. तिथे काटा, कुसळ, तुटलेलं नख, डंख, भाजणं किंवा सांध्याचं दुखणं असतं. वयस्क कुत्र्यात गाठसुद्धा असू शकते. नागपूरच्या बाहेरच्या ले-आऊटमधले रिकामे प्लॉट, बेसा-हुडकेश्वरकडचे विशेषतः, ऑक्टोबरपासून कुसळांनी आणि सराट्यांनी भरलेले असतात. कुसळाचं टोक पुढे जाणारं आणि काटेरी केस मागे वळलेले, त्यामुळे ते बेचक्यात, म्हणजे दोन बोटांमधल्या फटीत, शिरलं की कुत्रा चालेल तसतसं आतच सरकतं. बाहेर फक्त टाचणीएवढं भोक आणि त्यातून चिकट पाणी दिसतं. अँटिबायोटिक दिलं की भोक बुजतं, थांबवलं की परत उघडतं. असं दोनदा झालं तर तिसरा कोर्स नको. भूल देऊन आत शोधायला सांगा. साध्या एक्स-रेमध्ये कुसळ दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमच्याकडे दोन्ही पुढचे पंजे सारखेच धरलेत. म्हणजे कारण बाहेरून एका जागी टोचलेलं नाही, कातडीचंच आहे.

आता जागा बघा. बेचक्यांच्या वरच्या बाजूला लाली आणि ओलसरपणा, तळव्याकडे गाद्यांच्या (पंजाखालच्या मऊ उशांच्या) मधल्या घडीत तपकिरी चिकट थर, नखांच्या मुळाशी मेणासारखा तांबूस मळ: हे तिन्ही यीस्टकडे बोट दाखवतात. गाद्यांवरच पापुद्रे, भेगा, पिवळट खपल्या असतील तर तो वेगळा मामला आहे. पेम्फिगससारखे रोगप्रतिकारशक्तीचे आजार तिथे दिसतात आणि बायोप्सी लागते. दोन-तीन महिन्यांत एकामागून एक नखं सैल होऊन गळत असतील तर तो नखांचाच आजार, जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसणारा. आणि पंज्याच्या वर, मनगटाच्या पुढच्या भागावर एकच जाड, केस गेलेला, चकचकीत चट्टा असेल तर ती चाटून झालेली जखम. तिच्या मुळाशी सांध्याचं दुखणं, ॲलर्जी किंवा खोल संसर्ग असतो आणि मग सवय जडते.

अंगठ्याचं, म्हणजे आतल्या बाजूच्या उंचावरच्या बोटाचं नख हमखास विसरलं जातं. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही आणि गोल वळून कातडीत घुसतं.

तांबूस रंगाबद्दल एक गैरसमज काढून टाका. तो रंग लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा आहे, रक्ताचा नाही. एकदा केसावर चढला की तो केस गळेपर्यंत जात नाही. म्हणून उपचार लागू पडतोय का हे रंगावरून ठरवू नका. केस बाजूला करून मुळाजवळचा नवा अर्धा सेंटिमीटर बघा: तो फिका येत असेल तर चाटणं थांबलंय.

परजीवी. हा टप्पा लोक ओलांडून जातात कारण अंगावर गोचीड दिसत नाही. गोचीड बेचक्यातच लपते, आणि तिचं लहान पिल्लू तिळापेक्षाही बारीक असतं. बोटं एकेक फाकवून बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेट्रोल, पेटती काडी यातलं काहीही नको. पण खरी अडचण डोळ्याला न दिसणाऱ्या माइट्सची. डेमोडेक्स केसाच्या मुळात राहतो आणि पंजाचा डेमोडेक्स हट्टी असतो: पंजा सुजतो, केस विरळ होतात, दुखतो. सार्कॉप्टिस, म्हणजे खरी खरूज, कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या घोट्यावर जास्त असते आणि घरातल्या माणसांनाही लाल पुरळ येऊन खाज सुटते. कानाची कड बोटांत चोळल्यावर कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय बळावतो.

स्किन स्क्रेपिंग मागून घ्या. कातडी चिमटीत दाबून, ब्लेडनं बारीक रक्त येईपर्यंत खरवडली तरच डेमोडेक्स सापडतो. वरवर खरवडून ‘काही नाही’ असा रिपोर्ट आला तर तो रिपोर्ट नाही. पंजा फार सुजलेला असेल तर केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं जास्त उपयोगी. खरजेत मात्र स्क्रेपिंग निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. म्हणूनच आजकाल बहुतेक जण सरळ आयसॉक्साझोलिन गटातली गोळी देतात: अफॉक्सोलेनर किंवा सॅरोलेनर दर महिन्याला, फ्लुरालेनर साधारण तीन महिन्यांतून एकदा. गोचीड, पिसू, खरूज, डेमोडेक्स सगळ्यांवर एकाच वेळी उपाय होतो. कुत्र्याला फिट्स येत असतील तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा. आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास दिली जातात. कोली आणि त्या जातीच्या मिश्र कुत्र्यांत ती जीवघेणी ठरू शकतात, आणि जनावरांसाठीच्या बाटलीतून अंदाजे डोस घरी काढणं तर कुठल्याच कुत्र्यासाठी नको.

संसर्ग. इथे तुमच्या कुत्र्याचं आत्ताचं निम्मं काम आहे.

आधी एक साधी तपासणी: पारदर्शक चिकटपट्टी बेचक्यात दोन-तीनदा दाबून, निळा रंग देऊन काचेवर बघायची. यीस्ट, गोल जिवाणू, पू यातलं काय आहे ते पाच मिनिटांत कळतं. ही तपासणी न करता मलम लिहून मिळालं तर नम्रपणे मागा. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय यासाठी चांगला पर्याय आहे, कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी, करायची वेळ आली तर विशेषच.

घरी धुण्याची पद्धत अशी. क्लोरहेक्सिडीन २ टक्के आणि मायकोनॅझॉल २ टक्के असलेला शॅम्पू घ्या. पंजा कोमट पाण्यानं आधी ओला करा, शॅम्पू बेचक्यांत आणि तळव्याच्या घडीत बोटांनी चोळा आणि १० मिनिटं तसाच ठेवा. घड्याळ लावा. दोन मिनिटांत धुतलेला शॅम्पू म्हणजे फक्त वास बदलला. या १० मिनिटांत कुत्रा चाटणार नाही यासाठी कोणीतरी समोर बसून त्याला गुंतवून ठेवावं. मग भरपूर पाण्यानं धुवा आणि सुती फडक्यानं प्रत्येक बेचकं वेगळं टिपा. चोळू नका, टिपा. आठवड्यातून दोनदा, निदान ४ आठवडे. सुधारणा दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा आठव्या दिवशी निराश होऊ नका.

मधल्या दिवशी पंजे बुडवायचे असतील तर ४ टक्के क्लोरहेक्सिडीन द्रावण २५ मिली एका लिटर पाण्यात; म्हणजे ०.१ टक्का होतं. टबात अंगठ्याच्या वरपर्यंत पाणी हवं, ५ मिनिटं पुरे. बाटलीवरचा टक्का वाचून घ्या. बाजारात २० टक्क्यांचं घट्ट द्रावणही मिळतं. तेच २५ मिली टाकलं तर पाचपट तीव्र होतं. क्लोरहेक्सिडीन डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि साबणानं पंजा धुऊन लगेच क्लोरहेक्सिडीन लावू नका, साबणाच्या अंशामुळे ते निकामी होतं. पोव्हिडोन आयोडिन वापरायचं असेल तर ५ टक्केवाल्याचे २० मिली, १० टक्केवाल्याचे १० मिली एका लिटरला. रंग कोऱ्या चहासारखा यायला हवा. त्यापेक्षा गडद म्हणजे जास्त झालं. केस रंगतात, फरशीही.

शिह त्झू, ल्हासा, गोल्डन यांच्या तळव्यातले केस गाद्यांच्या पातळीला कापून घ्या. लॅबला याची गरज नाही. वस्तऱ्यानं गुळगुळीत करू नका. आखूड टोचरे केस परत कातडीत शिरतात.

शॅम्पूनं भागलं नाही, नखांच्या मुळाशी यीस्ट घट्ट बसलं असेल, तर डॉक्टर इट्राकोनॅझॉल किंवा किटोकोनॅझॉल ३-४ आठवडे देतात. दोन्ही यकृतावर ताण आणतात म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं, जेवणासोबत द्यावं.

आता खोबरेल तेल-हळदीबद्दल. ती बंद करा. मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट कातडीवरच्या तेलावर जगतं. ऐन पावसाळ्यात दमट बेचक्यात तेल चोळणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. शिवाय तेल गोड लागतं, कुत्रा आणखी चाटतो, आणि हळदीच्या पिवळेपणात लाली किती आहे हेच दिसेनासं होतं. घरातल्या माणसांची मलमं तर अजिबात नकोत. कुत्रा लावलेलं सगळं पोटात घालतो. झिंक ऑक्साइडचं डायपर-मलम चाटल्यानं विषबाधा होते, आणि बुरशी-जिवाणू-स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते. टी ट्री ऑइल विषारी आहे. व्हिनेगर चिरलेल्या कातडीला झोंबतं. बघवत नाही कुत्र्याचा चेहरा.

सेटिरिझिन कुत्र्याच्या ॲलर्जीत फारच तोकडं पडतं. नुकसान सहसा होत नाही, पण सर्दीच्या काही गोळ्यांत सेटिरिझिनसोबत स्यूडोइफेड्रिन असतं, तशी गोळी चुकून गेली तर धोका आहे. वेष्टनावर एकच घटक आहे ना, ते वाचा. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटॅमॉल कधीच नाही.

बेचक्यातली गाठ. लॅब, बुलडॉग, पग आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांत बोटांमध्ये लालसर-जांभळी, द्राक्षाएवढी गाठ येते, फुटते, रक्तमिश्रित पाणी येतं. लोक तिला सिस्ट म्हणतात. प्रत्यक्षात ते खोल केसतूड असतं. आखूड कडक केस असलेल्या कुत्र्यात वजनाच्या दाबानं केस उलटा कातडीत घुसतो, तिथली केसाची पिशवी फुटते, आणि शरीर त्या केसाला परकं समजून त्याच्याभोवती भडकतं. इथे मलम पोचतच नाही. सेफॅलेक्सिनसारखं अँटिबायोटिक किलोमागे २२ ते ३० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आणि तेही ३ ते ६ आठवडे लागतं. वरून भरलं म्हणून दहाव्या दिवशी बंद केलं की आतला भाग तसाच राहतो. पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. आधीच दोन अँटिबायोटिक झाली असतील तर तिसरं कल्चर करूनच. गाठ दाबून फोडायची नाही. फोडली तर केसाचे तुकडे आणखी खोल जातात. वजन उतरवणं हाच इथला खरा इलाज आहे: बरगड्या हलक्या बोटांनी चाचपल्या की लागल्या पाहिजेत.

इंजेक्शननं काय सांगितलं. आठ-दहा दिवस आराम पडला ते बहुधा स्टिरॉइड होतं, आणि आराम पडला म्हणजे खाज स्टिरॉइडला दबणारी आहे, ही उपयुक्त माहिती आहे. वातावरणातल्या ॲलर्जीसाठी फावरो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेले ८ निकष जगभर वापरले जातात: सुरुवात ३ वर्षांच्या आत, बहुतांश वेळ घरात, स्टिरॉइडनं आराम, वारंवार यीस्टचा संसर्ग, पुढचे पंजे धरलेले, कानाची पाळी धरलेली, पण पाळीच्या कडा मोकळ्या, आणि कंबरेचा भाग मोकळा. पाच जुळले तर संशय बळकट. तुमच्याकडे पहिले पाच जुळतात. कान उचलून आत लाली आहे का तेवढं बघा. मात्र हे निकष परजीवी आणि संसर्ग बाजूला काढल्यावरच लावायचे असतात, आणि आहाराची ॲलर्जी हुबेहूब अशीच दिसते. ती वेगळी काढायची एकच रीत आहे, पुढे सांगतो.

इंजेक्शन पुन्हा घ्यायची घाई करू नका. लांब पल्ल्याचं स्टिरॉइड एकदा गेलं की परत काढता येत नाही, काही आठवडे अंगात राहतं. तहान, लघवी, भूक वाढते. लॅबची भूक आणखी वाढायला नको. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या निदान हळूहळू कमी करून थांबवता येतात. संसर्ग मोकाट असताना स्टिरॉइड देणं तर आगीवर पांघरूण. आणि स्टिरॉइडसोबत मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध कधीच नाही, आतड्यात व्रण होऊन फुटू शकतं.

आहाराची चाचणी. सगळ्यात किचकट आणि सगळ्यात जास्त फसणारा भाग हा. आधी हे लक्षात घ्या की रक्ताच्या चाचणीनं अन्नाची ॲलर्जी कळत नाही. पैसे वाचवा. केस किंवा लाळ पाठवून होणाऱ्या चाचण्या तर त्याहून निकामी.

कुत्र्यांत सगळ्यात जास्त सापडणारे घटक म्हणजे बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू. तुमच्या कुत्र्याच्या ताटात यातले तीन रोज आहेत. त्यामुळे ‘चिकन बंद केलं, फरक पडला नाही’ याला अर्थ नाही; दूध-पोळी चालूच होती. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेलं पोतं आणणं हाही उपाय नव्हे, त्यातही चिकन असतंच.

चाचणी ८ आठवड्यांची. दहापैकी नऊहून अधिक अन्न-ॲलर्जीचे कुत्रे तेवढ्यात सुधारतात. ३ आठवड्यांत निकाल मागितला तर निम्मे हातून निसटतात. पहिली पसंती हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांच्या पशुवैद्यकीय खाद्याला, शक्यतो चिकनपासून न केलेल्या. महाग असतं. घरी करायचं तर कुत्र्यानं आजवर कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट. मटण सुचवलं जातं, पण तुमचा कुत्रा दूध पितो, आणि गाय-बकरीची प्रथिनं जवळची असतात, म्हणून मला ते पसंत नाही. रोहू किंवा तत्सम मासा, काटे पूर्ण काढून, आणि सोबत बटाटा किंवा रताळं हे जास्त सोयीचं. मासा आणि कोंबडी यांतही काही प्रथिनं मिळतीजुळती आहेत. मासळीवर फरक पडला नाही तर निकाल लगेच ‘नाही’ धरू नका, हायड्रोलाइज्ड खाद्यावर पुन्हा बघा.

प्रमाण: ३४ किलोच्या, वजन थोडं कमी करायच्या लॅबला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम शिजवलेला मासा आणि ९०० ग्रॅम उकडलेला बटाटा, दोन वेळांत विभागून. दर आठवड्याला वजन करा आणि बटाटा कमी-जास्त करा. कांदा, लसूण, मसाला काही नाही. जुन्या जेवणावरून नव्यावर ५-६ दिवसांत हळूहळू या, नाहीतर जुलाब होतील आणि चाचणी तिथेच सुटेल. हे जेवण संतुलित नाही. मोठ्या कुत्र्याला ८ आठवडे चालतं, पिल्लाला चालत नाही आणि कायमचं तर कोणालाच नाही.

चाचणी फसते ती जेवणात नाही, तुकड्यांत. आजीच्या हातची पोळी, मुलांच्या ताटातून सांडलेलं, बिस्किट, गच्चीवर कबुतरांसाठी टाकलेले दाणे, फिरताना रस्त्यावर उचललेलं हाड, गायीसाठी गेटजवळ ठेवलेला घास. घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या ताईंनाही, सांगून ठेवा. गोचिडीच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते. या दोन महिन्यांत मानेवर टाकायचं औषध मागून घ्या. माशाच्या तेलाच्या, जिलेटिनच्या कॅप्सूलही बंद.

८ आठवड्यांत खाज स्पष्ट कमी झाली तर जुनं जेवण मुद्दाम परत द्या. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण त्याशिवाय निदान होत नाही. बरं वाटलं ते पावसाळा संपल्यामुळेही असेल. बहुतेकांत १४ दिवसांच्या आत खाज परतते. परतली की नवं जेवण पुन्हा सुरू करा, मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे देऊन दोषी कोण ते काढा. यासाठी रोज रात्री खाजेला ० ते १० मधला एक आकडा कॅलेंडरवर लिहा, आणि तो एकाच माणसानं द्यावा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट आहाराच्या विरोधात जाते: त्रास दोन्ही वर्षी पावसाळ्यात. अन्न बारमाही असतं, तर खाजही बारमाही असायला हवी. हिवाळ्यात पंजे पूर्ण कोरडे आणि शांत होते का, हे आठवून बघा. होते तर वातावरणातल्या ॲलर्जीचं पारडं जड, आणि आहाराची चाचणी थोडी पुढे ढकलली तरी चालेल. थोडं का होईना चालूच होतं, तर चाचणी टाळू नका.

वातावरणातली ॲलर्जी निघाली तर ती बरी होत नाही, आवरायची असते. खाज आवरायला ऑक्लासिटिनिब लवकर काम करतं: किलोमागे ०.४ ते ०.६ मिग्रॅ, ३४ किलोला १६ मिग्रॅची एक गोळी, पहिले जास्तीत जास्त १४ दिवस दोनदा आणि मग दिवसातून एकदा. १२ महिन्यांखालच्या कुत्र्याला नाही. गंभीर संसर्ग किंवा डेमोडेक्स असताना नाही, कॅन्सर असलेल्याला नाही. दोनदाचं एकदा केल्यावर खाज थोडी उसळते, त्याला गोळी फसली म्हणत नाहीत. सायक्लोस्पोरिन किलोमागे ५ मिग्रॅ रोज, पण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. सोबत ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं, दोन्ही मिळून रोज ६०० मिग्रॅपासून सुरू करा. माणसांच्या नेहमीच्या १००० मिग्रॅच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून साधारण ३०० मिग्रॅ असतात, म्हणजे दोन कॅप्सूल, आणि पोट सोसेल तशी एखादी वाढवा. दोन-तीन महिने दिल्याशिवाय मत बनवू नका. ॲलर्जीची रक्तचाचणी इथे उपयोगाची आहे, पण निदानासाठी नव्हे. ॲलर्जी सोसायची सवय लावणारी लस तयार करायची असेल तरच.

घरातलं आणि रस्त्यावरचं. नागपूरची काळी माती बेचक्यात अडकली की वाळून खड्यासारखी कडक होते आणि चालताना घासते. पावसाळ्यात फिरून आल्यावर साध्या पाण्यानं पंजे धुणं आणि कोरडं करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. धुऊन ओलं सोडण्यापेक्षा न धुतलेलं बरं. प्रत्येक पंजाला अर्धा मिनिट फडकं द्या. गाजर गवताच्या मोकळ्या प्लॉटात नेऊ नका. संपर्काची ॲलर्जी असेल तर केस नसलेल्या जागी, म्हणजे पोट, जांघ, हनुवटी आणि पंजाच्या खालच्या बाजूला दिसते; दोन आठवडे रस्ता बदलून फरक बघा. घरात फरशी पुसायच्या फिनाईलचं प्रमाण कमी करा, फरशी वाळेपर्यंत कुत्रा बाहेर ठेवा आणि शेवटचा हात नुसत्या पाण्याचा मारा.

उन्हाळ्यात दोन वेगळी कारणं असतात. एक कूलर: कुत्रा त्याच्यासमोरच्या ओल्या फरशीवर दिवसभर पसरतो, पंजे सतत दमट, आणि एप्रिल-मेमध्ये यीस्ट का आलं म्हणून सगळे चकित. दुसरं, सिमेंटचे रस्ते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की संध्याकाळी सहालाही ते तापलेले असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद ठेवून बघा. ठेववली नाही तर फिरायला नेऊ नका. गाद्या पोळल्या की कुत्रा दुसऱ्या दिवशी चाटायला लागतो आणि वरची साल निघते. त्याला गार पाणी, स्वच्छ पट्टी आणि डॉक्टर, बर्फ नाही. बसायची गादी मात्र मेच्या उन्हात टाकून घ्या, आणि आवरण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. धुळीतले माइट्स दमट महिन्यांत वाढतात.

जखम भरेपर्यंत कोन, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून गळ्यात बांधायची शंकूच्या आकाराची पट्टी, लागेल. नाकाच्या पुढे ५ सेंटिमीटर तरी यायला हवा. लहान कोन घातलेला कुत्रा पंजा सहज गाठतो आणि घरच्यांना वाटतं कोनाचा उपयोग नाही. मोजा घालायचा तर सुती, लहान मुलाचा, तासभर, नजरेसमोर, आणि वरून रबरबँड किंवा चिकटपट्टी कधीच नाही. पाय सुजून रक्तपुरवठा बंद पडतो. ओला झालेला मोजा लगेच काढा.

कंटाळा आणि सवय हे कारण शेवटी धरावं. खरोखर सवयीनं चाटणारा कुत्रा एकटा असताना चाटतो, खेळायला बोलावलं की सोडतो, आणि त्याच्या बेचक्यात लाली, वास, मळ काही नसतं. झोपेतून उठून चावणारा कुत्रा कंटाळलेला नसतो, त्याला खाज सुटलेली असते. त्याला रागावून काही होत नाही.

तर तुमच्यासाठी या आठवड्यात: तेल-हळद बंद, चिकटपट्टी आणि स्क्रेपिंग, परजीवींची गोळी, शॅम्पू आठवड्यातून दोनदा, कोन रात्री. चौथ्या आठवड्याला चिकटपट्टीची तपासणी पुन्हा करून घ्या, वास गेला असला तरी. यीस्ट गेलं आणि खाजेचा आकडा ३ च्या खाली आला तर शॅम्पू आठवड्यातून एकदावर आणून ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवा. यीस्ट गेलं पण आकडा ५-६ वर अडून बसला, तर आहाराची चाचणी किंवा ऑक्लासिटिनिब यांचा निर्णय तेव्हा डॉक्टरांसोबत घ्या. लंगडणं, पंजा अचानक सुजणं, ताप, भोकातून पू, किंवा गाद्यांची साल निघणं यातलं काही दिसलं तर चौथ्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.